चार बोटांची दुमड

शाळेत फौजेतल्या लोकांच्या मुलांची संख्या वाढली, तशी मुख्याध्यापिकेनं भाग्याला समुपदेशक म्हणून नेमलं. तिच्या टेबलावर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता होता, रंगीत खडू होते आणि समोर मधू होती. मधू मूळची साताऱ्याकडची, दहा वर्षांची. वडील हवालदार, आणि म्हैसूरची ही तिची पाचवी शाळा. दर मंगळवारी ती येई, तक्त्यातल्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवी आणि गप्प बसे. डबा मात्र एकटीच खाई. कारण विचारलं तर म्हणे, "मिस, मैत्रीण झाली की पोस्टिंग येतं. मग कशाला?" भाग्याच्या एम.ए.त याचं उत्तर कुठेच नव्हतं. असे सहा मंगळवार गेले आणि तिला घरी जेवण गोड लागेना.

जुलैत गणवेशाची मापं घ्यायला भाग्याचे वडील गुंडुराव आले. शिवणकाम हे त्यांच्या घराण्याचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. मुलांच्या कपड्याला खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचंच, म्हणजे मूल वाढलं की दुमड उसवता येते, हा त्यांचा नेम. तो मोडण्याची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

"चार बोटं दुमडतो हं, पुट्टी," ते मधूला कानडी लाडानं म्हणाले. "वाढशील की नाही?"

"नको, आजोबा. वाढेपर्यंत आम्ही इथे नसतोच. नव्या शाळेच्या गणवेशाचा रंग वेगळा असतो, म्हणून आई दुमड ठेवूच देत नाही."

"अय्यो! बिनदुमडीचा स्कर्ट, तो माझ्या दुकानातून? साध्यच इल्ल! शक्यच नाही!"

"पण स्कर्ट माझा आहे!"

झालं, जुंपली दोघांची. रांगेतली मुलं खूश झाली. सहा मंगळवारांत जेमतेम चार वाक्यं बोललेली पोरगी कमरेवर हात ठेवून तावातावानं भांडत होती. भाग्या मध्ये पडली नाही. तिला फार बरं वाटलं, आणि आपल्या तक्त्याची थोडी लाजही वाटली.

"मग जुन्या शाळांचे स्कर्ट काय केलेस?" गुंडुरावांनी विचारलं.

"ट्रंकेत आहेत." मधूचा आवाज एकदम उतरला. "पठाणकोटचा हिरवा, झाशीचा लाल, जोधपूरचा करडा, नाशिकचा चॉकलेटी."

गुंडुरावांनी टेप गळ्यात टाकली. "घेऊन ये. प्रत्येकाची एकेक पट्टी काढून नव्या स्कर्टला आतल्या बाजूनं लावतो. तू मला माझी दुमड ठेवू दे. कबूल?"

मधूनं मान डोलावली.

स्कर्ट आला, बाहेरून चारचौघींसारखा निळा. तिसऱ्या दिवशी पायरीवर डबा खाताना त्याची कड उलटली आणि वर्गातल्या सुप्रीताला आतले रंग दिसले.

"इदेनु? आत हे काय गं?"

"हा करडा ना, तो जोधपूरचा. तिथे मोर वर्गात यायचे."

"खोटं!"

"आईशप्पथ. एकानं माझी पोळी पळवली होती."

झाशीपर्यंत पोचायच्या आत घंटा झाली. उरलेलं ऐकायला दुसऱ्या दिवशी तिघीजणी डबे घेऊन हजर. पुढच्या मंगळवारी भाग्याच्या दारात मधूऐवजी सुप्रीता उभी.

"मिस, मधू खेळतेय. आजच्या हसऱ्या चेहऱ्यावर तुम्हीच बोट ठेवा म्हणाली."

भाग्या पोट धरून हसली. मग दार लावून जरा रडलीसुद्धा.

वर्ष सरलं. पुन्हा जुलै आला, पुन्हा गुंडुराव टेप घेऊन आले. मधूचा स्कर्ट गुडघ्याच्या वर गेला होता. मधूच्या वडिलांच्या बदलीचा कागद अजून आला नव्हता, पण तो कधीही येईल हे त्या पोरीला पक्कं माहीत होतं. गुंडुरावांनी चष्मा सावरला आणि उसवायचं पातं दुमडीला लावलं.

"सगळी उसवू ना, पुट्टी?"

मधूनं खाली वाकून आपल्या बोटांनी कापड मोजलं.

"दोनच बोटं उसवा, आजोबा. दोन पुढच्या वर्षाला राहू द्या."