पाचशे चौसष्ट कॅलरींचा डबा

डब्यात दोन उकडलेली अंडी होती, पावाचे दोन तुकडे होते, शंभर ग्रॅम उकडलेले चणे, दीडशे ग्रॅम काकडी आणि साल न काढलेलं एक सफरचंद, तेही दीडशे ग्रॅमचं. अंड्यांच्या दीडशे, पावाच्या दीडशे, चण्यांच्या एकशे चौसष्ट, काकडीच्या बावीस, सफरचंदाच्या अठ्ठ्याहत्तर. एकूण पाचशे चौसष्ट कॅलरी. भाचीने आकडा वहीत लिहिला, बेरीज पुन्हा तपासली आणि मगच झाकण लावलं.

“मीठ राहिलं की मोजायचं,” ओट्यापाशी उभी असलेली मामी म्हणाली.

“मिठात कॅलरी नसतात, मामी.”

“बरं झालं बाई. या घरात तेवढं एक तरी तुझ्या तावडीतून सुटलं.”

मामा दारात बसून बूट घालत होता. पोट आडवं येत असल्यामुळे नाडी बांधताना तो श्वास रोखून धरायचा आणि गाठ बसली की इंजिनाने वाफ सोडावी तसा सोडायचा. तो टॉवर क्रेन चालवायचा. सतरा वर्षं त्याचा दिवस जमिनीपासून उंच, काचेच्या केबिनमध्ये गेला होता. साइटवर त्याला सगळे ‘ढगोबा’ म्हणत, आणि आपण ढगात बसतो म्हणून म्हणतात, असं तो स्वतःची समजूत घालून घ्यायचा.

दीड महिन्यापूर्वी साइटवर नवी सुरक्षा अधिकारी आली. तिने क्रेनची शिडी तपासली. शिडीच्या बाजूने वरपासून खालपर्यंत एक पोलादी दोर होता, आणि त्यावर सरकणारी पकड चढणाऱ्याच्या पट्ट्याला अडकवलेली असे. पाय घसरला तर पकड दोराला चावते आणि माणूस लटकतो, पण वाचतो. त्या पकडीवर कोरलेलं होतं: कमाल शंभर किलो. आजवर ते कुणी वाचलं नव्हतं. अधिकारीबाईंनी वाचलं आणि मामाला काट्यावर उभं केलं. बूट, हेल्मेट, पट्टा, पाण्याची बाटली धरून एकशे चार पूर्णांक सहा.

“दहा आठवडे देते,” त्या म्हणाल्या. “तोवर शिडी सावकाश चढा, पकड मी रोज तपासेन. दहा आठवड्यांनी शंभरच्या वर भरलात, तर तुम्हाला खाली गोदामात बसवणार.”

त्या संध्याकाळी मामाने जेवताना पहिल्यांदाच दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. “गोदामात हातमोजे मोजायचे,” तो म्हणाला. “डावे वेगळे, उजवे वेगळे.” एवढं बोलून तो गप्प झाला. मामी घाबरली ती त्या गप्प होण्याला.

भाची या शहरात नोकरीसाठी आली होती आणि मामाकडेच राहत होती. खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिचं काम होतं. बिस्किटाचा चुरा बंद पोलादी भांड्यात जाळायचा, भोवतीचं पाणी किती तापलं ते बघायचं आणि त्यावरून कॅलरी काढायच्या. तिच्या दृष्टीने हा प्रश्न सोपा होता.

“मामा, रोज लागतात त्यापेक्षा पाचशे कमी खायच्या. बस्स. बाकीचं गणित करतं.”

“तू सांगशील तसं,” मामा म्हणाला.

आणि हे तो अक्षरशः म्हणाला होता. क्रेन चालवणाऱ्याला खालून इशारा मिळाल्याशिवाय काही हलवायचं नसतं. ‘थांब’ म्हटलं की थांबायचं, पुढचा इशारा येईपर्यंत. भाचीने एका कागदावर सूचना लिहिल्या आणि त्याने तो कागद केबिनच्या काचेला चिकटवला. डब्यातलंच खायचं. डब्यातलं सगळं खायचं. कँटीनपासून लांब राहायचं.

पहिले तीन आठवडे घरात सणासुदीसारखे गेले. मामा घरच्या काट्यावरही बूट, हेल्मेट, पट्टा आणि भरलेली बाटली घेऊनच चढायचा. एकशे चारचे एकशे तीन झाले, मग एकशे दोन पूर्णांक तीन. “यातलं थोडं नुसतं पाणी असतं,” भाची म्हणाली, पण तिचं कोण ऐकतो? मामाने पट्ट्याला एक भोक आत पाडलं आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

मग काटा अडून बसला. चौथ्या आठवड्यात एकशे दोन पूर्णांक दोन. पाचव्यात एकशे दोन पूर्णांक तीन. सहाव्यातही तेच.

भाचीने आधी काट्यावर संशय घेतला. लिटरभर पाण्याच्या दहा बाटल्या भरून ठेवल्या. काट्याने बाटल्यांच्या वजनासकट बरोबर आकडा दाखवला. मग तिने स्वयंपाकघरातल्या तराजूवर संशय घेतला. तोही निर्दोष सुटला. उरला एकच आरोपी.

“मामा, खरं सांग हं. मी रागावणार नाही.”

“काय खरं?”

“बाहेर काही खातोस?”

मामाने घास खाली ठेवला. “अगं, बायको सोडून कुणी मला असं विचारलं नव्हतं आजवर.”

“मी कुठे काय विचारलं?” मामी म्हणाली. “मी फक्त खिसे तपासले.”

“काय मिळालं?”

“एक स्क्रू,” मामी म्हणाली, जरा ओशाळून.

मामा हसला नाही. “खात नाही मी काही. भुकेने पहाटे जाग येते, तेव्हा पाणी पिऊन पडतो. तुझ्या वहीत बघून जेवतो, पोटाला विचारून नाही. आणखी कमी करायचं असेल तर कर. सफरचंद काढून टाक.” त्याने हे इतक्या समजूतदारपणे म्हटलं, की भाचीला शिव्या खाल्ल्यापेक्षा जास्त लागलं. डावे हातमोजे, उजवे हातमोजे तिच्या डोळ्यांपुढे आले. उरले होते चार आठवडे.

सफरचंद तिने काढलं नाही. उत्तर जुळत नसेल तर आकडे पिळण्याआधी प्रयोग नीट बघावा, एवढं ती शिकली होती. तिने एक दिवस रजा काढली आणि दुपारी साइटवर गेली.

क्रेनच्या पायथ्याशी मामाचा जुना जोडीदार होता, खालून हाताने आणि वॉकीटॉकीवर इशारे देणारा. नारिंगी जाकीट घातलेला, काटकुळा, मामाच्याच वयाचा. जेवणाची सुट्टी झाली. लोखंड वाकवणारे, सुतार, काँक्रीटवाले सगळे हात धुऊन कँटीनच्या दिशेने निघाले. शिडीवरून कुणीच उतरलं नाही.

“मामा कधी येतो खाली?” भाचीने विचारलं.

“ढगोबा?” इशारेवाला म्हणाला. “तो आता थेट संध्याकाळी काम सुटल्यावर उतरतो. महिना होऊन गेला.”

“आणि आधी?”

“आधी काय विचारता! रोज दुपारी खाली. कँटीनमध्ये जेवायचं, मग अख्ख्या साइटला फेरी. लोखंडवाल्यांशी भांडायचं की गठ्ठे नीट बांधत नाही, सुतारांना सांगायचं की फळ्या कशा रचाव्या, तिकडे गेटवर जाऊन पहारेकऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करायची. तासभर पाय एका जागी टिकायचे नाहीत. आता वर बसून डबा खातो आणि डोळे मिटतो. आम्हालाही करमत नाही हो. भांडायला कुणी नाही.”

भाचीने वर पाहिलं. केबिनच्या काचेला चिकटवलेला तिचा कागद इथून पांढऱ्या टिकलीएवढा दिसत होता. कँटीनपासून लांब राहायचं. मामा अठ्ठेचाळीस मीटर लांब राहिला होता.

तिने जोडीदाराकडून वॉकीटॉकी मागून घेतली. “मामा, मी बोलतेय. खाली ये.”

वरून खरखर आली. “डबा संपलाय, सगळा. काकडीसकट.”

“ते राहू दे. खाली ये.”

“हा इशारा समजू का?”

“हो, हा इशाराच.”

मामा उतरल्यावर ती त्या दोघांबरोबर पावलं मोजत जुनी फेरी चालून आली. कँटीन, लोखंड, सुतार, गेट आणि परत: तीन हजार आठशे पावलं. मग तिघंही फळ्यांच्या ढिगावर बसले आणि तिने वही उघडली.

“शिडी अठ्ठेचाळीस मीटर, तू एकशे दोन किलो. दुपारची चढउतार बंद झाली, त्यातल्या चढायच्या शेहेचाळीस कॅलरी. उतरण्याचं धरून साठ समजू.”

मामाचा चेहरा पडला. “साठ? एवढी शिडी चढतो मी, माझी जीभ बाहेर येते, आणि साठ? अंड्याच्या किती म्हणालीस?”

“एका अंड्याच्या पंचाहत्तर.”

“म्हणजे एक अंडंसुद्धा नाही!” तो इशारेवाल्याकडे वळला. “बघ, सतरा वर्षं मी अंड्याच्याही लायकीचं काम केलं नाही.”

“एवढ्यावर थांबू नकोस,” भाची म्हणाली. “तुझी दुपारची फेरी, एकशे तीस. आणि मामी म्हणत होती, संध्याकाळी भाजी आणायला जात नाहीस, गच्चीवर झाडांना पाणी घालत नाहीस, आल्यापासून सोफ्यावर.”

“दम उरत नाही गं.”

“त्याच्या नव्वद धरू. झाल्या दोनशे ऐंशी. मी पाचशे कमी केल्या आणि त्यातल्या दोनशे ऐंशी मीच परत दिल्या. तू कमी खात होतास, म्हणून कमी हलत होतास. मी फक्त डबा मोजत बसले.”

“आणि उरलेल्या? पाचशेतून दोनशे ऐंशी गेल्या तर...” मामा बोटांवर मोजायला लागला.

“दोनशे वीस. त्यातलं काही अंगात धरून राहिलेलं पाणी असेल. काही तुझं शरीर हात आखडून खर्च करतंय म्हणून असेल, कमी मिळालं की ते तसं करतं. झोप मोडते, त्याचाही वाटा असेल. नेमकं किती, ते मला माहीत नाही.” आणि वहीत तिने तसंच लिहिलं: २२० – माहीत नाही. प्रयोगशाळेतलं ते पोलादी भांडं तिच्या डोळ्यांसमोर आलं. त्याला बिस्किट कमी दिलं म्हणून ते कधी रुसून सोफ्यावर पडलं नव्हतं.

नवा कागद तिथेच लिहिला. डबा खाली येऊन कँटीनमध्येच खायचा, सगळ्यांबरोबर. मग फेरी, भांडणांसकट. संध्याकाळची भाजी मामाच आणणार. रात्री झोपताना उकडलेल्या चण्यांची एक वाटी जास्त, म्हणजे पहाटे पोट उठवणार नाही.

“अगं, हे तर वाढवलंस!” मामा म्हणाला.

“एकशे चाळीसने. वहीत आहे.”

घरी मामीने नवा कागद वाचला. “म्हणजे माणसाला माणसात सोडलं तर वजन उतरतं, हे शोधायला रजा काढलीस होय?”

“सिद्ध झालेलं नाही अजून,” भाची म्हणाली. “चार आठवडे थांब.”

मामा तासभराच्या भांडणांनी ताजातवाना होऊन घरी यायला लागला. लोखंडवाले कसे निर्बुद्ध आहेत, याचं वर्णन पुन्हा जेवणाच्या टेबलावर सुरू झालं, आणि मामी पुन्हा ‘बास झालं आता’ म्हणायला लागली, खूश होऊन. सातव्या आठवड्यात काटा हलला: एकशे एक पूर्णांक सहा. आठव्यात एकशे एक. नवव्यात शंभर पूर्णांक तीन.

शेवटच्या आठवड्यात इशारेवाल्याने हलक्या बुटांचा एक जोड आणून दिला. “तीनशे ग्रॅम इथेच सुटतात. पाण्याची बाटलीही अर्धी भर. बाईंना काय कळतंय?”

“बाईंना नाही कळणार,” मामा म्हणाला. “पण पकडीला कळेल ना. पाय घसरला त्या दिवशी पायात माझेच बूट असणार.” त्याने जोड परत दिला, बाटली काठोकाठ भरली आणि त्या दुपारी फेरीला गेटपर्यंत दोनदा जाऊन आला.

तपासणी सकाळी होती. भाची रजा काढून आली होती, मामी मामावर लक्ष ठेवायला. इशारेवाला हात मागे बांधून उभा होता, त्याच्या मागे लोखंडवाले, आणि त्यांनी काम थांबवलं म्हणून त्यांना ओरडायला आलेला मुकादमही तिथेच उभा राहिला. अधिकारीबाईंनी काटा सपाट फळीवर ठेवला आणि शून्य दाखवतोय ना ते बघितलं. मामा बूट, हेल्मेट, पट्टा आणि भरलेली बाटली घेऊन वर चढला. श्वास रोखला.

“श्वास सोडा हो,” बाई म्हणाल्या. “त्याचं वजन मी धरत नाही.”

लोखंडवाले खिदळले. मामाने श्वास सोडला.

“एकदाच नको,” भाची म्हणाली. “तीनदा घ्या. उतरून, पुन्हा चढून.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि तीनदा वजन घेतलं. प्रत्येक आकडा त्यांनी मोठ्याने वाचला आणि फॉर्मवर लिहिला.

नव्व्याण्णव पूर्णांक सात. नव्व्याण्णव पूर्णांक आठ. नव्व्याण्णव पूर्णांक सात.