बापाचं नाव

पुस्तक निघून महिना झाला, तरी मेहारी आल्यागेल्याला ते दाखवायचा. का नाही दाखवणार? कंपालातल्या एवढ्याशा खोलीत बसून पाच वर्षं त्यानं आम्हा निर्वासितांनी रेखाटलेल्या चित्रांचे फोटो काढले होते, आमच्या कहाण्या टिपल्या होत्या!

त्या दिवशी तिरहास आली. पिठाच्या पोत्यांवर कोळशानं आमच्या मायदेशातले तुरुंग काढणारी तिरहास.

"ये ताई! कव्हरवर तू काढलेलंच चित्र आहे, बघितलंस?"

"तिकडे सरकारनं माझ्या बाबांना उचललं," ती म्हणाली. "आईचा फोन होता. तुझ्या पुस्तकातलं पान दाखवून विचारलं, मुलगी कुठंय?"

"पण मी तर नाव बदललं! सबा लिहिलंय!"

"आणि पुढे?"

मेहारीनं पान उघडलं. सबा गेब्रेहिवेत. आमच्यात आडनाव नसतंच हो! आपलं नाव, मग बापाचं, संपलं. आणि मुलगी पळून गेलेला गेब्रेहिवेत त्या गावात एकच!

"बापाशिवाय नाव बेवारस वाटतं गं..." तो पुटपुटला.

"ओळख लपवीन असा शब्द दिला होतास मला! परक्यानं केलं असतं तर सोसलं असतं. तू आपला होतास रे!"

शेजारच्या मेब्रातआई तिथेच कॉफी भाजत होत्या. त्यांनी तवा खाली उतरवला.

"छापण्याआधी हिला वाचून दाखवलंस?"

"आई, गप्प बसलो तर त्या सरकारचंच फावतं. जगाला कळायला नको?"

"कळायलाच हवं! पण कुणाच्या जिवावर? तिकडे आपल्याला न विचारता आपलं सगळं ठरवतात, म्हणून पळून आलो ना आपण? मग तू वेगळं काय केलंस?"

मेहारीनं पुस्तक मिटून ठेवलं. अरेरे, केवढी चूक! त्यानं त्याच दिवशी विक्री थांबवली. मग पुस्तकातल्या एकतीस जणांच्या दारी जाऊन प्रत्येकाला त्याचं पान वाचून दाखवलं. कुणी नाव खोडलं. एक म्हातारा मात्र गरजला, "माझं राहू दे, बापासकट! मागे कुणी उरलंय कुठं?"

तिरहासनं मेहारीकडे ठेवलेली आपली चित्रं परत नेली. "माझी पानं कोरी सोड," एवढंच बोलली. नव्या आवृत्तीत ती कोरीच आहेत.

मंडळी, दुसऱ्याचं दुःख जगापुढे मांडताना आपण कितीही भले असू, ते दुःख त्याचं आहे. आधी त्याला विचारा! मेहारी आता विचारतो. पण तिरहासचे बाबा अजून सुटलेले नाहीत.