वीज काढून घेतलेलं पाणी

"अगं, पाण्यातलं काही कमी होत न्हाई."

किशनरावांचा तो आवाज सिंधूच्या कानात अजून तसाच होता, हसू दाबून धरलेला. नवी नवरी होऊन ती माहूरजवळच्या या धरणाच्या कॉलनीत आली, तेव्हा वीजघरातून कालव्यात सुटलेल्या पाण्यात डाळ शिजवायला तयार नव्हती. वीज काढून घेतली म्हणजे पाण्याचं सत्त्व गेलं, असं तिच्या माहेरी सगळेच म्हणत. मग किशनरावांनी तिला वीजघरात नेलं, फिरतं मशीन दाखवलं. कोळसा जळून राख होतो. पाणी मात्र चाक फिरवून तसंच पुढं शिवारात जातं, अन् ढग होऊन परत येतं, असं समजावलं.

मशीन सुरू झालं की घराची फरशी बारीक थरथरायची, फळीवरच्या पितळी वाट्या किणकिणायच्या. म्हणजे धनी कामावर. आवाज थांबला की ती तवा चढवायची, अन् ओठांत ओवी:

धरणाच्या पाण्या दादा, हळू जाय शिवारात
उजेडाचा माझा धनी, उपाशी गं अंधारात

किशनराव गेले. शेजारच्या घरांना एकेक करून कुलपं लागली. लेक तनुजा नांदेडहून दर फोनला बोलवायची. सिंधूचं उत्तर ठरलेलं: मला करमतं इथं, तुझ्या बाबांचं मशीन हाय सोबतीला.

आवाज थांबला की ती अजूनही तवा चढवायची आणि डबा घेऊन वीजघरात जायची. किशनरावांच्या खुर्चीत आता अबुजर बसायचा, डोक्याचे केस पिकलेला. "काकू, तुमच्या भाकरीपायी माझी बायको रुसून राहिली," म्हणायचा, अन् सगळं संपवायचा.

परवा ती गेली तर अबुजर भिंतीवरचं कॅलेंडर काढून गुंडाळत होता. यापुढं मशीन नांदेडच्या ऑफिसातूनच चालू-बंद होणार होतं. इथं कुणी बसायचं नव्हतं. त्यानं भाकरी रुमालात बांधून घेतली, अन् डबा धुऊन तिच्या हातात दिला.

आज दुपारी वाट्या किणकिणल्या. मग थांबल्या. सिंधूचे हात सवयीनं परातीकडं गेले. भाकरी टम्म फुगली. डबा भरून ती वीजघराशी आली, तेव्हा कुठं तिला दाराचं कुलूप दिसलं.

ती कालव्याच्या काठावर बसली. उरलंसुरलं पाणी शिवाराकडं चाललं होतं. तिनं ओंजळभर पिऊन पाहिलं. चव तीच.

तिनं फोन लावला. तनुजानं नेहमीसारखं विचारलं, जेवलीस का? डबा मांडीवर तसाच होता.

"तुझे बाबा म्हणायचे, पाण्यातलं काही कमी होत न्हाई," सिंधू म्हणाली. "पाण्याचं खरं असंल. माझ्यातलं लई कमी झालंय गं. मला करमत न्हाई इथं. ते गेल्यापून कधीच करमलं न्हाई. ये, घेऊन जा मला."