जलदानाचा नेम

कामठीच्या अलीकडच्या त्या खेड्यात भागीरथाबाई एकट्याच राहत. यजमान गेले तेव्हा त्यांनी नेम धरला: यजमानांनी खोदलेल्या विहिरीचं पाणी कुणातरी एकाला पाजल्याशिवाय जेवायचं नाही. तेव्हा विहिरीवर बायांची रीघ असे. नेम सकाळीच फिटायचा.

मग शिवेवर कोळशाची खाण निघाली. खाणीतलं पाणी नाल्यात सुटू लागलं, नाल्याचा तळ पिवळा-तांबडा झाला, काठची वांगी जळाली. बाया एकेक करून यायच्या थांबल्या. या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणत. भागीरथाबाईंना तो बायांचा मत्सर वाटे. तोंडाला तुरट लागे ते त्या वयावर घालत. आणि तांब्याची घागर तर हल्ली चिंच न लावता लखलखायची. पुण्याई चढली, दुसरं काय!

नेमाला आता एकटा कवडू उरला होता. खाणीत पंप चालवायचा. पाळी सुटली की फाटकाशी सायकल टेकवून हाक द्यायचा, "आण वं काकू, तुझं तीर्थ!" गडू एका दमात रिता करून निघून जायचा. दिवसभरात बाईंशी बोलणारा माणूस तो तेवढाच.

त्या दुपारी त्यानं गडू घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"काहून गा? उपास आहे का?"

"आता नाही होत, काकू. पोटात आग पडून राहिली. डाक्टरनं हे पाणी बंद कर म्हटलं."

"माझ्या विहिरीचं?"

"विहिरीचा दोष नाही वं. कोळशातल्या दगडाले पाणी लागलं का त्याचं तेजाब होते. मीच पंपानं नाल्यात सोडतो, ते झिरपून तुझ्या विहिरीत येते. घागर त्यानंच उजळते. तूही पिऊ नको, खाणीच्या कॉलनीतल्या नळाचं आणत जाय."

"मंग इतके दिवस काहून पेत राह्यला?"

"तू उपाशी राहशील म्हणून," तो खाली पाहत म्हणाला. "दे, आजच्यापुरतं पेतो."

बाईंनी गडू हिसकून घेतला अन् दगडावर उपडा केला. आत गेल्या, भाकर-ठेचा घेऊन आल्या. ओट्यावर त्याच्यासमोरच मांडी घातली, मनातल्या मनात यजमानांची क्षमा मागितली आणि घास मोडला.

"पाह्य, जेवून राहिली मी. आता कोणी प्यायचं काम नाही. जाय घरी."

कवडू सायकलवर बसला. उद्या त्याला इकडे यायचं काही कारण उरलं नाही, हे बाईंना तिसऱ्या घासाला उमगलं. त्यांनी तो हळूहळू चावला.