कमरेच्या वर

"कमरेच्या खाली धरू नकोस, ओर्सोलिना. काखेत तर नकोच. छातीशी धर, आणि आधी हात धू."

झुम्रुदचा आवाज अजून कानात आहे. तुर्कांच्या बुडा शहराच्या लुटीत ती आणि तिच्या वडिलांचं कुराण एकाच गाडीतून बोलोन्याला, आमच्या मालकांच्या घरी आली. ती माझ्या हाताखाली चुलीपाशी लागली, आणि पुस्तक गेलं संग्रहाच्या दालनात, तुर्की तलवारी अन् निळ्या नक्षीच्या थाळ्यांशेजारी. पुढे भावाने खंडणी भरून तिला सोडवलं. पुस्तक मात्र मालकांनी दिलं नाही. निघताना तिने माझे हात धरले, आणि पुस्तक कमरेच्या खाली जाऊ देणार नाही असा मी शब्द दिला.

सॅन लूकाच्या देवमाउलीपुढे जपमाळ ओढल्याशिवाय मी सकाळी पाण्यालाही शिवत नाही. तेव्हा शब्द देताना मनात धाकधूक होतीच. चर्चमध्ये पापांच्या कबुलीला गेले तेव्हा हे सांगितलं. आमच्या म्हाताऱ्या फादरनी विचारलं, "त्या पुस्तकाला प्रार्थना करतेस का?" नाही म्हटलं. "मग नुसतं ओझं उचलतेस. त्यात कसलं पाप?"

पुस्तक मधल्या फळीवर होतं तोवर सगळं ठीक होतं. यंदा संग्रहाच्या देखरेखीला पाद्री प्रोस्पेरो आले, आणि त्यांनी सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावली. मोठी खाली. कुराण अगदी जमिनीलगत गेलं, माझं फडकं फिरतं तिथे.

मी हळूच सांगून पाहिलं. ते हसले. "उद्या पागोटं बांधून येशील वाटतं," म्हणाले. मी संध्याकाळी पुस्तक वर ठेवलं. सकाळी ते परत खाली. असं बरेच दिवस चाललं. शेवटी त्यांनी बजावलं, की पुन्हा हात लावलास तर मालकांना सांगून घरी पाठवीन. घरी माझं कोण आहे? तरी मी म्हटलं, "बरं, पाद्रीबुवा. हात लावणार नाही. पण ते खाली आहे तोवर तिथली फरशीही पुसणार नाही."

आणि नाही पुसली. बाकीचं दालन लख्ख, नि त्या कपाटापुढे धुळीचा पट्टा. दुसऱ्या कोणी फडकं घेतलं की मी ते हातातून काढून घेई.

मालक पाहुण्यांना घेऊन आले आणि पट्ट्यापाशी थबकले. प्रोस्पेरो घाईघाईने माझ्या हट्टाचं सांगू लागले. मालकांनी मलाच विचारलं. मी होतं ते सांगितलं, झुम्रुदला दिलेल्या शब्दासकट.

मालकांनी वरच्या फळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "सर्वांत वरच्या फळीवर ठेव. पण पाहुणा ते पाहायला मागेल तेव्हा शिडी चढून तूच आणायचं, तूच ठेवायचं. जमेल, म्हातारे?"

"जमेल, मालक."

प्रोस्पेरो माझ्या गुडघ्यांकडे पाहून गालात हसले. गुडघ्यांचं दुखणं त्यांना ठाऊक आहे, साऱ्या घराला ठाऊक आहे.

आज पादुआहून कोणी विद्वान आलेत. वरून घंटा वाजली. कणीक मळत होते, ती झाकली. कोपरापर्यंत हात धुतले, स्वच्छ पंच्याला पुसले, घागऱ्याचा घोळ कमरेला खोचला आणि शिडी आणायला निघाले.