आत्याबाई आणि माझे मोजे

माणसं वरून खाली पडू नयेत यासाठी मी आयुष्यभर पगार घेतला. इमारतींच्या लिफ्ट तपासायचं माझं काम. दोर झिजलाय का, ब्रेक धरतोय का, दार मजला यायच्या आधीच उघडतंय का, हे बघायचं आणि सही करायची. त्या सहीच्या भरवशावर असंख्य माणसं सुखरूप वरखाली गेली आणि त्यांतल्या एकानेही कधी थांबून आभार मानले नाहीत. तपासणीच्या दिवशी जिने चढावे लागले म्हणून शिव्या मात्र घातल्या. माझी तक्रार नाही. लिफ्ट न पडणं ही काही बातमी होत नाही.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीने सुट्टीच्या दिवशी धबधब्यावरून खाली पडण्याचा छंद लावून घेतला.

तिला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणी ती स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू उचलून चालायची. एकदा शेजाऱ्यांची खुर्ची घरी घेऊन आली होती. आता खांद्यावर कयाक घेऊन पायवाटेने निघाली की लांबून होडीलाच पाय फुटल्यासारखे दिसतात. कयाक म्हणजे एकट्याने बसायची, दोन्हीकडे निमुळती होत गेलेली बंद होडी. कमरेला एक रबरी घागरा घालून तो होडीच्या तोंडावर ताणून बसवतात, म्हणजे पाणी आत येत नाही. हा घागरा आमचे जावईही घालतात. जावई दातांचे डॉक्टर आहेत. मी जावयांना पाण्यात पाहतो असं आमची ही म्हणते. ते कायम तिथेच असतात, दुसरीकडे कुठे पाहणार?

तिसरा गडी प्लंबर. तो या टोळीचा म्होरक्या. आठवडाभर लोकांच्या घरातलं पाणी थांबवतो आणि रविवारी स्वतः पाण्याबरोबर वाहत जातो. मी चौथा, म्हणजे गाडीवाला. होड्यांसकट सगळ्यांना नदीच्या वरच्या अंगाला सोडायचं, गाडी खाली नेऊन लावायची आणि दोराची थैली घेऊन धबधब्याच्या पायथ्याशी बसायचं. कुणी होडीतून बाहेर फेकलं गेलं तर दोर टाकायचा.

त्या धबधब्याला हे लोक आत्याबाई म्हणतात. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण त्याला स्वतःची आत्या असणार. पाणी कमी असलं की आत्याबाई नुसती हाडं: खडकांची कोपरं, गुडघे सगळे बाहेर आलेले, वरून येणारा कुठेतरी आपटणार किंवा फटीत अडकणार. पाणी बेताचं असलं की आत्याबाई मायाळू. अलगद मांडीवर घेतात आणि पाठीवर थाप मारून पुढे पाठवतात. आणि पाणी जास्त झालं की त्या पाहुण्याला घरी जाऊच देत नाहीत. पायथ्याशी पाणी उलटं फिरतं, खाली पडलेल्याला परत धबधब्याखाली ओढतं, वर आणतं, पुन्हा ओढतं. ‘थांब रे, आत्ताच तर आलास’, असा प्रकार.

आत्याबाईंची तब्येत आज कशी आहे ते वरच्या पुलावरून कळतं. पुलाखाली पाण्यात म्हैस बसल्यासारखा एक खडक आहे. म्हशीची पाठ ओली आणि डोकं कोरडं असेल तर निघायचं. पोट दिसलं किंवा डोकं बुडलं तर घरी जायचं. सगळी टोळी वर्षानुवर्षं या म्हशीच्या शब्दावर चालते.

टोळीचा दुसरा नियम हाताचा. पायथ्याच्या माणसाने हात सरळ वर धरला की या. आडवा धरला की थांबा. हात आडवा करण्याचा हक्क गाडीवाल्यालाही आहे, आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही. उडी रद्द, होड्या उचलायच्या, काठाने चालत पुढे जायचं. ज्याने हात आडवा केला त्याने इतरांच्या ओझ्याला खांदा द्यायचा, एवढंच. सुंदर नियम आहे. मी तो ढग आला म्हणून वापरला, जावई शिंकले म्हणून वापरला, आणि एकदा मला एकूणच बरं वाटत नव्हतं म्हणून वापरला. त्यानंतर नियमात दुरुस्ती झाली: गाडीवाल्याने कारण द्यावं, आणि ते पटायला हवं. दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. माझी स्वतःची मुलगीही त्यात होती.

पावसाळा संपल्यावरची ही पहिली खेप. मुंगी अजून एकदाही आत्याबाईंवरून उतरली नव्हती. गेल्या वर्षी उतरायची होती, तर त्याआधीच एका किरकोळ उडीत तिचा खांदा निखळला. वर्षभर ती दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून हात ओढत होती. आता डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. दातांच्या नव्हे, खांद्याच्या.

सकाळी स्वयंपाकघरात ती माझ्यासमोर येऊन बसली. मागे नळ ठिबकत होता. प्लंबर घरचा असला की नळ वर्षभर ठिबकतो.

“बाबा, आज हात खिशात ठेवायचे.”

“थंडी वाजली तर ठेवेनच.”

“थंडी नाही वाजली तरी. दोन्ही. शब्द द्या.”

“दोर कसा टाकू?”

“दोर टाकायला काढा. आडवा करायला नाही.”

ही अंड्यांच्या कढईवरून नजर न हटवता म्हणाली, “अहो, त्या राखाडी जाकिटाचे खिसे खोल आहेत. ते घाला.”

मी शब्द दिला आणि जाकीट घातलं.

पुलावर गाडी थांबवली. तिघेही कठड्यावरून वाकले.

“पाठ ओली, डोकं कोरडं,” जावई म्हणाले. “म्हैस अगदी खुशीत आहे.”

“पहिला मी,” प्लंबर म्हणाला. “मागून मुंगी. डॉक्टर शेवटी.”

मुंगी काहीच बोलली नाही. घाबरली की ती गप्प होते आणि आनंदली की गप्प होते, त्यामुळे बापाला काही कळत नाही.

त्यांना सोडून मी खाली आलो. पायथ्याशी, काठाच्या अखंड कातळात खुर्चीसारखी एक बैठक आहे आणि तिच्याखाली पाय ठेवायला पायरी. मी नेहमी तिथेच बसतो. उभा राहिलो की वरच्या डोहातल्यांना मी दिसतो. त्यांना धबधबा मात्र दिसत नाही. नदी एका रेषेवर संपते, एवढंच दिसतं. खाली काय आहे ते फक्त माझा हात सांगणार.

मी बसलो, पायरीवर पाय ठेवले, आणि दोन्ही बुटांत पाणी शिरलं.

पहिला विचार असा आला की मी जाड झालोय आणि खडक खचलाय. पण मी कितीही जेवलो तरी कातळ खचण्याइतकं नाही. एरवी त्या पायरीखाली वीतभर मोकळी जागा असते. मी पाय हलवत चहा पितो. आज पायरीच पाण्याखाली होती. आणि वर म्हैस तर खुशीत.

लिफ्टच्या दारावर मजल्याचा आकडा दिसतो ना, त्याच्यावर मी नोकरीत कधी विश्वास ठेवला नाही. आकडा तिसरा मजला म्हणतो, दार उघडतं आणि समोर भिंत असते. काय ते खड्ड्यात उतरून बघायचं.

म्हणून बघितलं. इतक्या खेपा मी तिथे बसलो होतो, पण वरच्या रेषेवर हेल्मेट कधी उगवतं याकडेच माझे डोळे असायचे. पाण्याकडे असं कधी बघितलंच नव्हतं. आत्याबाईंचा चेहरा प्रसन्न होता. एकही कोपर बाहेर नाही, पाणी कसं रेशमासारखं पडत होतं. पायथ्याशी या काठापासून त्या काठापर्यंत फेसाची सरळ पट्टी. आणि तो फेस पुढे वाहत जायच्या ऐवजी मागे, धबधब्याकडे, परत चालला होता.

काठावर पुराने आणून टाकलेला एक ओंडका होता, साधारण मुंगीच्या उंचीचा. मी तो पायाने ढकलला. तो फेसात गेला, धबधब्याखाली ओढला गेला, नाहीसा झाला, उभाच्या उभा वर आला, जरा पुढे सरकला आणि पुन्हा मागे गेला. पुन्हा तेच. थांब रे, आत्ताच तर आलास.

वर रेषेपाशी प्लंबरचं पिवळं हेल्मेट दिसलं. त्याच्यामागे मुंगीचं लाल. प्लंबरने वल्हं उचलून विचारलं.

माझे हात खिशात होते. उजवा बाहेर कधी आला ते मला कळलं नाही. शिंकेचं जसं कळत नाही तसं. मी उभा राहिलो आणि तो आडवा धरला.

पिवळं हेल्मेट काठाला लागलं. लाल हेल्मेट तर होडी टाकून पायवाटेने खालीच आलं, घागऱ्यासकट.

“शब्द दिला होतात,” मुंगी म्हणाली.

“हो.”

“सकाळी. आईसमोर.”

“हो.”

“मग कारण सांगा.”

“मोजे ओले झाले.”

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. वर्षभर पट्टा ओढलेला हात कमरेवर होता. “बाबा, मोज्यांसाठी?”

“इथे बसलं की माझे मोजे ओले होत नाहीत. कधीच झाले नाहीत. आज झालेत. आणि तो बघ, माझा पाहुणा.”

तिने फेसाकडे पाहिलं. ओंडका वर आला, डुलला, मागे गेला. पुन्हा वर आला, पुन्हा गेला. एवढ्यात प्लंबर आणि जावई येऊन पोहोचले, आणि आम्ही चौघं लग्नातला फोटो काढायला उभे राहावे तसे ओळीने ओंडक्याकडे बघत राहिलो. तो काही केल्या बाहेर येईना.

“दाढेत अडकल्यासारखा फिरतोय,” जावई म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

प्लंबर माझ्या बैठकीवर बसला. पायरीवर पाय ठेवले, घोट्यापर्यंत बुडाले.

“मी पहिला होतो,” तो म्हणाला.

मग उठला आणि पुलापर्यंत चालत जाऊन आला. पुराने पुलाखालची सगळी वाळू आणि गोटे उकरून नेले होते. “बादली खोल झालीय,” त्याने समजावलं. “पाणी आहे जास्त, पण खोल भांड्यात ते खालीच दिसणार. म्हैस जागची हललेली नाही. तिच्या पायाखालची जमीन गेली. इथे खाली अखंड कातळ आहे, तो काही बदलला नाही.”

वरच्या डोहाकाठी ठेवलेल्या होड्या उचलल्या. नियमाप्रमाणे मी खांदा दिला. मुंगीच्या होडीचं पुढचं टोक तिच्याकडे, मागचं माझ्याकडे. गाडीपर्यंतची वाट चिंचोळी आणि चढाची. मी धापा टाकत होतो आणि ती गप्प होती. घाबरलेली की आनंदलेली ते विचारायची सोय नव्हती.

गाडीपाशी पोहोचल्यावर ती म्हणाली, “बाबा, आधी मोजे बदला. सर्दी होईल.”

बदलायला माझ्याकडे नव्हते. जावयांनी पिशवीतून स्वतःची कोरडी जोडी काढून दिली. त्यावर हसऱ्या दाढा छापलेल्या होत्या. मी ती घातली. अडीअडचणीच्या वेळी माणसाने फार चिकित्सा करू नये, आणि खरं सांगायचं तर इतके उबदार मोजे मला कुणी दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली. प्लंबर हत्यारांची पेटी घेऊन उभा.

“काकू, नळ ठिबकत होता म्हणालात.”

“वर्षापूर्वी म्हणाले होते,” ही म्हणाली.

त्याने नळ दुरुस्त केला. मग न सांगता मोरीतला केला, गच्चीवरचाही केला. पैसे घेतले नाहीत, नदीचं नाव काढलं नाही, चहा पिऊन गेला. आता आमच्या घरात इतकी शांतता आहे की दोघांनाही नीट झोप लागत नाही. नोकरीत कुणी आभार मानले नाहीत असं मी वर लिहिलंय. तेवढ्यापुरता हिशोब चुकता झाला असं समजायला हरकत नाही. माझ्या बाजूने म्हणाल तर मी मुंगीचा आभारी आहे. तिने माझं ऐकलं नाही, ओंडक्याचं ऐकलं. पण खाली येऊन बघितलं. रागाने का होईना, उतरून बघणारी माणसं मला आवडतात.

काही आठवड्यांनी नदी उतरली. यावेळी पुलावर कुणी थांबलं नाही. सगळे थेट पायथ्याशी आले आणि माझ्याभोवती उभे राहिले. ही पण आली होती. मी बैठकीवर बसलो, दाढांचे मोजे घातलेले पाय पायरीवर ठेवले. खाली वीतभर मोकळी जागा.

“काका, मोजे काय म्हणतात?” प्लंबरने विचारलं.

“कोरडे.”

मुंगीने एक ओंडका शोधून आणला आणि वरून सोडला. तो पडला, एकदा बुडाला आणि सरळ पुढे निघून गेला. खालच्या वळणापर्यंत आम्ही त्याला नजरेने पोहोचवलं.

“यावेळी पहिली मी,” परत खाली येऊन मुंगी म्हणाली. कुणी हरकत घेतली नाही. ते तिघे वर गेले, आम्ही दोघं खाली राहिलो.

वरच्या रेषेवर लाल हेल्मेट आलं. वल्हं उचललं. विचारलं.

मी उभा होतो. दोर डाव्या हातात तयार होता. पाणी योग्य होतं, पायरी कोरडी होती, एकही कारण शिल्लक नव्हतं. हात आडवा करायला मला कधी प्रयास पडले नव्हते. वर न्यायचा म्हणजे सरळ दुप्पट अंतर.

“अहो,” ही म्हणाली. “वाट बघतेय ती.”

मी हात वर केला.

लाल हेल्मेट रेषेवर आलं, वल्ह्याचा एक लांब, शांत फटका दिसला, आणि ती खाली आली. फेसात गेली. मी श्वास घेतला तो सोडायच्या आत होडीचं टोक वर आलं, मग हेल्मेट, मग ती अख्खी, आणि आत्याबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारून तिला माझ्या पायापाशी आणून सोडलं. तिचा खांदा जागेवर होता. ती हसत होती. म्हणजे गेल्या वेळी घाबरली होती.

हिने माझी बाही घट्ट धरली होती.

तेवढ्यात वरून जावई आले. ते बाहेर निघतात न निघतात तोच मागोमाग प्लंबर.

“इतकी घाई कशाला?” मी विचारलं. “एकेकाने यायचं ठरलं होतं ना.”

“बाबा,” जावई पाणी झटकत म्हणाले, “तुमचा हात अजून वरच आहे.”

मुंगीने वल्ह्याने माझ्या मोज्यांवर ओंजळभर पाणी उडवलं. “घ्या आता खाली. सगळे आलो.”