छपरावरचा करकोचा

मी एक जुना लाकडी चित्रपाट आहे. मित्रांनो, पाट म्हटल्यावर माझ्यावर बसायला धावू नका! माझा जन्म बसण्यासाठी झाला नाही, माणसांची अक्कल मोजण्यासाठी झाला.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. माझ्यावर त्याने एक घर रंगवले. शेजारी विहीर, तळे आणि कुत्र्याचे छोटे घर काढले. मग चित्राचे चार चौकोनी तुकडे कापून वेगळे केले : करकोचा, कोंबडा, बादली आणि कुत्रा. चारही तुकडे एकाच मापाचे, म्हणजे कोणताही कुठेही बसावा. करकोच्याचे पाय रंगवताना तो श्वास रोखून धरायचा, ते मला अजून आठवते. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

मला अमेरिकेतल्या एका बंदरात पाठवले. बोटीतून उतरलेल्या परदेशी लोकांची तिथे तपासणी होई. कोणी गोंधळलेला दिसला की त्याच्या कोटावर खडूने फुली मारत आणि त्याला माझ्यासमोर बसवत. उत्तर ठरलेले होते : छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा, तळ्यात करकोचा. चुकला तो मंदबुद्धी, आणि मंदबुद्धी माणूस आल्या बोटीने परत. डॉक्टर हॉलिस्टर म्हणत, "अक्कल रक्तातून येते. वाईट रक्त देशात घेतलं की पिढ्या बिघडतात." ते दुष्ट नव्हते. तेव्हा मोठमोठे विद्वान तसेच म्हणत आणि मीही ते खरे मानत असे. सगळे मला 'निःपक्षपाती' म्हणत. मी फुगून जात असे.

एके सकाळी पोलंडच्या खेड्यातली दहा वर्षांची ब्रोंका माझ्यासमोर बसली. मागे तिची आई अपोलोनिया उभी होती. बाप शिकागोच्या खाटीकखान्यात राबत दोघींची वाट पाहत होता. मुलगी परत गेली असती तर आईलाही जावे लागले असते.

ब्रोंकाने बादली विहिरीत सोडली, कुत्रा त्याच्या घरात ठेवला आणि करकोचा ठामपणे छपरावर बसवला. कोंबडा मात्र हातातच धरून राहिली.

दुभाषे सुलिमा यांनी विचारले, "हा का नाही ठेवत गं?"

"काका, उरलंय फक्त तळं. बुडून मरेल ना तो!"

डॉक्टरांनी मान हलवली. "दोन चुका. मंदबुद्धी. लिहून घ्या."

सुलिमांनी ते आईला सांगितले. तिने शालीआडच्या बोचक्यातून पत्रांचा गठ्ठा काढला. "अहो साहेब, हिच्या बापाची पत्रं हीच मला वाचून दाखवते! मला अक्षर येत नाही. परत पाठवायचं तर मला पाठवा, हिला का?"

सुलिमांचे काम फक्त भाषांतराचे होते. त्या दिवशी ते जास्त बोलले. "डॉक्टरसाहेब, आमच्याकडे करकोचा छपरावरच घरटं करतो. त्याच्यासाठी आम्ही जुनं चाक वर चढवून ठेवतो. ज्या घरावर तो उतरत नाही, त्या घराची लोक कीव करतात."

"तुमचा जीव तिच्यात अडकलाय, सुलिमा."

"मग बाहेर बाकावर बसलेल्यांना विचारा की! मी तोंड मिटून उभा राहतो."

डॉक्टर हट्टी खरे, पण प्रामाणिक. त्यांनी बाकावरच्या पाच जणांना बोलावले. सगळे तिच्याच मुलखातले : एक लोहार, दोन बहिणी, एक शिंपी आणि चष्मा लावलेले पाद्रीबाबा. पाचही जणांनी करकोचा छपरावर बसवला. पाद्रीबाबांनी तर त्याला हलकेच थोपटलेसुद्धा.

"पाचही जण मंद?" डॉक्टर पुटपुटले.

"नाहीतर हा पाट मंद," सुलिमा म्हणाले.

माझ्या लाकडाला भेग पडावी असे मला वाटले. माझ्यापायी आजवर किती जण परत गेले असतील? तो हिशेब माझ्याने होत नाही. डॉक्टरांनी स्वतःच्या बाहीने ब्रोंकाच्या कोटावरची फुली पुसली. संध्याकाळी त्यांनी सरस आणला आणि करकोचा छपरावर कायमचा चिकटवून टाकला. यापुढे माझ्यावर कोणाची परीक्षा होणार नव्हती. माझ्यासारखे दुसरे पाट मात्र इतरत्र चालूच राहिले. पुढे कायदा करून पोलंडसारख्या मुलखांतल्या लोकांना अमेरिकेचे दारच जवळजवळ बंद केले, तेव्हा मी तळघरात धूळ खात पडलो होतो.

आता मी एका संग्रहालयात असतो. माझ्याखाली पाटी आहे : 'एक तुकडा चुकीच्या जागी.' मुले वाचतात आणि हसतात.

एकदा काठी टेकत एक आजीबाई आल्या. पाटी वाचून त्यांनी पहारेकऱ्याला दटावले, "चुकीच्या कसल्या? बरोबर जागी आहे तो!" मग काचेला नाक लावून त्यांनी इकडेतिकडे शोधले. कोंबडा माझ्या शेजारी, कोरड्या कापडावर ठेवलेला होता.

"बुडाला नाही ना," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

ब्रोंका, तू मला शहाणे केलेस. मित्रांनो, माझी धूळ पुसा अथवा राहू द्या. फक्त एखाद्याच्या नावापुढे फुली मारण्याआधी त्याला एकदा विचारा, "तू हे इथे का ठेवलंस?" आणि तो सांगेल ते पुरते ऐकून घ्या.